आत्याची अठरा माणसं

आमच्या बिल्डिंगमध्ये अशी बातमी आहे की माझ्या आत्याला एका बस कंडक्टरने फसवलं. लग्नाचं वचन दिलं आणि दुसऱ्या रूटवर बदली करून घेतली. म्हणून गेली दोन वर्षं दर मंगळवार, गुरुवार, शनिवार ती चौदा नंबरच्या बसमध्ये वही घेऊन बसते, कधीतरी सापडेलच मेला म्हणून. बातमी तळमजल्यावरच्या काकूंची. काकू बातमी सांगताना आधी दाराकडे बघतात आणि मग आवाज इतका खाली आणतात की तिसऱ्या मजल्यावर अगदी स्पष्ट ऐकू येतं. "मी काही बोलत नाही हं. आपल्याला काय करायचंय! पण वहीत काय गं लिहीत असेल ती?"

तर, सगळं खोटं. चौदा नंबरचा कंडक्टर आजोबा झालेला माणूस आहे आणि त्याची बदली कधीच झाली नाही. वही मात्र खरी. आत्या अर्थतज्ज्ञ आहे आणि त्या वहीत बसमधल्या माणसांचा आकडा असतो. मोजतात माझे आजोबा, म्हणजे तिचे बाबा. ती फक्त लिहिते. फसवणूकही झाली, नाही असं नाही. पण ती एका आकड्याने केली, आणि तो आकडा आत्यानेच जन्माला घातला होता.

आत्या जिथे काम करते त्याला थिंक टँक म्हणतात. आजोबांचं बोलणं शाबूत होतं तेव्हा ते म्हणायचे, "विचारांची टाकी. गळते कुठे तेवढं बघून घे, बाकी काही नाही." सरकारला किंवा महापालिकेला एखादा प्रश्न पडला की ते या टाकीकडे येतात. मग टाकीतली माणसं वर्षभर आकडे गोळा करतात आणि एकशेचाळीस पानांचा अहवाल लिहितात. त्याचा चार पानांचा सारांश करतात. सारांशाचं एक पान करतात. त्या पानाचे तीन मुद्दे करतात. आत्या म्हणते, "एकशेचाळीस पानं मी वाचते. चार पानं आमचे संचालक वाचतात. एक पान सचिव वाचतात. आणि तीन मुद्दे मंत्र्यांना गाडीत कोणीतरी वाचून दाखवतं, तेही सिग्नल लागला तर."

मी सुट्टीत तिच्या ऑफिसात जाऊन बसलेय. चौथा मजला, खाली दातांचा दवाखाना. त्यामुळे सगळे अभ्यास दाताच्या ड्रिलच्या आवाजात होतात. फ्रिजमधल्या प्रत्येक डब्यावर नावाची चिठ्ठी आणि तरी डबे चोरीला जातात. सगळे इतक्या हळू बोलतात की वाटतं आत कोणी आजारी आहे. आणि जुने अहवाल सगळ्यांच्या कॉम्प्युटरखाली, स्क्रीन डोळ्यांच्या उंचीवर यावी म्हणून. संचालकांच्या स्क्रीनखाली तीन अहवाल आहेत. सगळ्यात खालचा आत्याचा. "बघ," ती मला म्हणाली, "माझ्या कामाचा कुणालाच आधार नाही असं म्हणू नकोस."

संचालकांचं नाव मी 'थोडक्यात' ठेवलंय. कारण ते तेवढंच बोलतात. दोन बोटं घड्याळावर ठेवायची, मान जरा तिरकी करायची आणि "थोडक्यात सांगा, थोडक्यात." ऑफिसला आग लागली तर ते विचारतील, "थोडक्यात, किती मजले?" माझी ही नक्कल घरी सगळ्यांची आवडती. दुसऱ्या नंबरवर स्वतः आत्या. ती कुठलंही वाक्य "म्हणजे असं बघ" ने सुरू करते, चष्मा काढते, पुसते, घालते आणि मग मूळ प्रश्नापेक्षा लांब उत्तर देते. चहात साखर घालू का विचारलं तरी, "म्हणजे असं बघ, कुणाच्या दृष्टीने?"

आता तो आकडा.

बावीस वर्षांपूर्वी आत्या तिथे नवीन होती. झेरॉक्स मशीनच्या शेजारी टेबल, पहिलाच मोठा अहवाल: शहरातल्या कुठल्या बस चालू ठेवाव्यात आणि कुठल्या नाही, हे ठरवायचं कसं. तिने एक रीत बसवली. रीत बरोबर होती, अजूनही आहे असं ती म्हणते. प्रत्येक भागात आधी जाऊन बघायचं, की तिथले लोक कोण आहेत, बस नसेल तर त्यांना दुसरं काय आहे, आणि मग त्या भागापुरता एक आकडा ठरवायचा. फेरीमागे सरासरी इतकी माणसं हवीत, त्याच्या खाली गेलं तर विचार करायचा. रीत समजावून सांगायला एका कोष्टकात कुठलातरी आकडा घालणं भाग होतं. त्या दिवशी ऑफिसला येताना तिची बस रेल्वे फाटकापाशी अडकली होती आणि वेळ जाईना म्हणून तिने आतली माणसं मोजली होती. अठरा. तिने अठरा घातला. खाली तळटीप दिली: हा आकडा केवळ उदाहरणासाठी आहे, प्रत्यक्ष आकडा त्या त्या भागात पाहणी करून ठरवावा.

मग सारांश. संस्थेचा एक नियम आहे, अजूनही भिंतीवर चिकटवलेला: सारांशात तळटीप नको. का, तर वाचणाऱ्याची नजर अडखळते. आत्याने स्वतः सारांश लिहिला आणि नियमाप्रमाणे तळटीप स्वतः काढली.

आजोबा तेव्हा छापखान्यात प्रूफं तपासायचे. त्या अहवालाची प्रूफं त्यांनी घरी, जेवणाच्या टेबलावर तपासली होती. माझ्या बाबांनी हे मला शंभरदा सांगितलंय. आजोबांनी चार पानं वाचली, पेन्सिल कानावर ठेवली आणि विचारलं, "अठरा कुठनं आले?"

"आतल्या कोष्टकात आहे ना, बाबा. तळटीप आहे तिथे."

"इथे नाहीये."

"सारांशात तळटीप नसते."

"मग आकडा तरी कशाला आहे?"

"बाबा, एक आकडा तरी लागतो हो. नाहीतर कुणी वाचत नाही."

आजोबांनी पेन्सिल परत हातात घेतली आणि दुसऱ्या पानावरचा एक स्वल्पविराम दुरुस्त केला. बाकी सगळं बरोबर होतं.

पुढे काय झालं ते आत्या चष्मा न पुसता सांगते, इतक्यांदा सांगून झालंय. दुसऱ्या एका संस्थेने अठरा उचलला. त्यांच्यावरून तिसरीने. मग आत्याच्याच संस्थेतल्या एकाने नवा अहवाल लिहिला आणि त्यात वाक्य घातलं: 'अनेक अभ्यासांनी दाखवून दिले आहे की.' आत्याने ते अनेक अभ्यास काढून बघितले. प्रत्येक अभ्यासात मागच्याचं नाव आणि सगळ्यात शेवटी ती स्वतः, फाटकापाशी अडकलेल्या बसमध्ये. पाच वर्षांत अठरा हा मान्य निकष झाला. नऊ नंबरची बस त्याने बंद केली. मग बावीस नंबरची. मग दुसऱ्या शहरातल्या, ज्यांचे नंबरही तिला नीट माहीत नाहीत. तिच्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद लावलाय, त्यावर ते सगळे आहेत. मी एकदा स्वेटर शोधताना बघितला. नुसते नंबर, बाकी काही नाही. मला वाटलं लॉटरीचे असतील.

ती गप्प बसली असं नाही. एकदा तिने थोडक्यातांना टिपण दिलं, तर ते 'भाषा सौम्य करावी' असा शेरा मारून परत आलं. सौम्य केल्यावर त्यात काय उरलं ते तिलाच कळेना. एकदा तिने एका मासिकात लेख लिहिला. तो सात जणांनी वाचला, त्यातले तिघं आमच्या घरचे. एकदा तिने नवीन पाहणी करायची परवानगी मागितली, तर थोडक्यात म्हणाले, "याच्यावर तर अभ्यास झालाय ना? तुमचाच की!"

मी तिला एकदा विचारलं, "मग नोकरी सोडून का नाही देत?"

"म्हणजे असं बघ," ती म्हणाली, "मी सोडली तर आकडा तिथेच राहील. फक्त मी बाहेर."

दोन वर्षांपूर्वी आजोबांच्या मेंदूत रक्ताची गाठ झाली. हातपाय महिन्याभरात चालायला लागले, बोलणं नाही. सगळं कळतं त्यांना, पेपर वाचतात, चुकीच्या ठिकाणी टिंब असेल तर अजूनही त्यावर बोट आपटतात. पण शब्द बाहेर येत नाही. पाणी हवं असेल तर तोंड उघडतात, ओठ जुळवतात, आणि मग रागाने पेल्याकडे बघतात, जणू त्यानेच शब्द लपवलाय.

बोलायला शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी एक गोष्ट शोधून काढली. ओळीने येणारं आजोबांना जमतं. एक म्हटलं की दोन येतं, दोनच्या मागे तीन. शब्द डोक्यातून शोधून आणावा लागत नाही, आधीचा शब्द पुढच्याला ओढून आणतो. "मोजू दे त्यांना," बाई म्हणाल्या. "पण उगाच नको. खरं काहीतरी मोजू दे. मोजून झालं की एखादा शब्द त्याच्यामागनं येईल."

बाईंचं केंद्र टेकडीवर, मोठ्या हॉस्पिटलच्या मागे. तिथे चौदा नंबर जाते. म्हणून मंगळवार, गुरुवार, शनिवार.

मीही जाते शनिवारी. आजोबा पुढून दुसऱ्या सीटवर, आत्या शेजारी, मी मागे. बस सुटली की आजोबा वळून बसतात, बोट वर करतात आणि सुरू होतात. "एक. दोन. तीन." आख्खी बस गप्प होते. पाईप घेऊन बसलेला प्लंबर पाईप बाजूला करतो, म्हणजे मागचा माणूस दिसावा. फोनवर जावयाला झापणारी बाई म्हणते, "थांब रे, मोजतायत," आणि मोजून होईपर्यंत जावयाला विश्रांती. ड्यूटीला निघालेल्या दोन नर्स, कायम भांडणारं एक म्हातारं जोडपं, सगळे आपला नंबर येईपर्यंत ताठ बसतात. "नऊ. दहा. अकरा."

"आजोबा, आज किती?" कंडक्टर ओरडतो.

"अकरा."

"ड्रायव्हरला धरलं का?"

आजोबा पुढे बघतात. विचार करतात. "बारा."

"आणि मी काय फुकट?"

"तेरा!" आणि हसतात. त्यांचं ते हसणं पूर्वीचंच आहे, त्याला काही झालेलं नाही.

सहा महिन्यांनी आकड्यामागून शब्द यायला लागले. "अकरा... माणसं." आत्याने ते वहीत, आकड्याखाली वेगळी ओळ करून लिहिलं. मग "पाऊस." मग एकदा भांडणाऱ्या जोडप्याकडे बोट करून, "परत." सगळी बस इतकी हसली की ते जोडपंही भांडायचं थांबलं. हे सगळं फक्त बसमध्ये. घरी आम्ही चमचे मोजायला दिले, पुस्तकं मोजायला दिली. आजोबा तोंड मिटून आमच्याकडे बघतात. चमच्यांना काय, ते मोजल्यावर ताठ बसत नाहीत.

मार्च महिन्यात स्टॉपच्या खांबाला नोटीस लागली. मार्ग क्रमांक चौदा, फेरीमागे सरासरी अकरा, मान्य निकष अठरा. हरकती असल्यास बुधवारी डेपोच्या सभागृहात सुनावणी.

आत्याने ती दोनदा वाचली. मी म्हटलं, "अगं, मग सोप्पं आहे की! आकडा तुझाच आहे. जा आणि सांग, मी उगाच घेतला होता. संपलं!"

"म्हणजे असं बघ," ती म्हणाली आणि चष्मा काढला. पण तो न पुसताच परत घातला.

थोडक्यात तिला म्हणाले, "जा ना, जरूर जा. फक्त व्यक्तिगत नात्याने जा. संस्थेची भूमिका वेगळी असू शकते."

"संस्थेची भूमिका काय आहे?"

"थोडक्यात, तुमचा अहवाल."

सुनावणीला मी शाळा बुडवून गेले. डेपोच्या वरचं सभागृह, खाली बस मागे घेताना वाजणारी शिट्टी, माईकला अधूनमधून येणारी किंकाळी. समोर एक अध्यक्ष, डोळे मिटून ऐकणारे, आणि एक तरुण अधिकारी, नवीन शर्टातला, पडद्यावर आलेख दाखवणारा. प्रत्येकाला तीन मिनिटं. नर्स बोलली, प्लंबर बोलला, जावयाची बाई पाच मिनिटं बोलली. मग आत्या.

"अठरा हा आकडा मी दिला," ती म्हणाली. "तो निकष नाही. मी ज्या बसमधून त्या दिवशी ऑफिसला आले तिच्यात अठरा माणसं होती."

लोक हसले. तिला वाटलं आपलं म्हणणं पोचलं. मलाही वाटलं.

अध्यक्षांनी डोळे उघडले. "बाई, या विषयात तुमचा शब्द आम्ही मानतो. पण आत्ता तुम्ही संस्थेच्या वतीने बोलताय का?"

"नाही. व्यक्तिगत."

"मग हे तुमचं व्यक्तिगत मत झालं. याला काही संदर्भ?"

"संदर्भ मी आहे."

"छापील?"

आत्याने वह्या पुढे केल्या. "ही दोन वर्षांची मोजणी आहे. अकराच माणसं, पण त्यातली सात टेकडीवर उपचाराला किंवा कामाला जाणारी. दुसरी बस नाही. अहवालात हेच बघायला सांगितलं होतं."

अधिकाऱ्याने पानं चाळली. मोठ्या आदराने चाळली, खोटं कशाला बोलू. "फार छान, मॅडम. मोजणी कुणी केली?"

"माझ्या वडिलांनी."

"त्यांची पात्रता?"

"प्रूफरीडर."

परत लोक हसले. यावेळी आत्याला तसं काही वाटलं नसावं, कारण तिने वह्या गोळा करायला घेतल्या होत्या. तीन मिनिटं झाली होती, घंटी वाजली.

जिन्यात तो अधिकारी धावत आला. हातात चार पानी सारांश, पिवळी पडलेली झेरॉक्स, जागोजागी अधोरेखित. "मॅडम, हे आम्हाला अभ्यासाला होतं! माझी परीक्षेतली पहिली दहा मार्कं यावरची. सही द्याल?" त्याचे डोळे चमकत होते. तो चांगला मुलगा होता, हीच पंचाईत होती. आत्याने कागद कठड्यावर ठेवला, सही केली आणि खाली, बारीक अक्षरात, बावीस वर्षांपूर्वी काढलेली तळटीप शब्दन् शब्द लिहिली. त्याने वाचली. "अरे वा, असं पण आहे का!" म्हणाला आणि कागद घडी पडणार नाही असा जपून फाईलमध्ये घातला. मग वर गेला, पुढच्या मार्गाची सुनावणी होती.

तीन आठवड्यांनी चौदा नंबर बंद झाली. शेवटच्या फेरीला आजोबांनी अकराच मोजले. त्यांना आम्ही सांगितलं होतं, त्यांना कळलंही होतं. उतरताना कंडक्टरने त्यांचा हात धरला आणि विचारलं, "ड्रायव्हरला धरलं का?" आजोबांनी ओठ जुळवले. काही आलं नाही.

आता टॅक्सीने जायचं. पहिल्या शनिवारच्या आदल्या दिवशी मला एक कल्पना सुचली. मी आत्याला म्हटलं, "बसमधले अकराही जण माझ्याकडे आहेत. प्लंबर, दोघी नर्स, जावयाची बाई, भांडणारे, कंडक्टरसुद्धा. टॅक्सीत मी एकेकाचा आवाज काढते. आजोबा अकरापर्यंत जातात की नाही बघ!"

"नाही जाणार."

"लाव पैज!"

"लावली. हरलीस तर महिनाभर माझी नक्कल बंद."

"आणि तू हरलीस तर?"

"मी हरले," आत्या म्हणाली, "तर तू म्हणशील ते, रेडिओ. संचालकांसमोर त्यांची नक्कल करून दाखवीन." मला रेडिओ ती लाडात आल्यावरच म्हणते. "पण बाबा जे नाही ते मोजत नाहीत. तो माझा गुण आहे, त्यांचा नाही."

टॅक्सी सुटली. आजोबा सवयीने मागे वळले. मागे काच होती. त्यांनी बोट वर केलं आणि आमच्याकडे बघितलं. "एक. दोन. तीन." मग स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. "चार."

मी सुरू झाले. प्लंबरचा खोकला काढला, पाईप आपटल्याचा आवाजसुद्धा. "थांब रे, मोजतायत!" जावयाची बाई. दोन नर्सांचं एकमेकींत कुजबुजणं. म्हाताऱ्याचं "तुला सांगितलं होतं" आणि म्हातारीचं "कधी सांगितलंत?" आयुष्यात इतकं चांगलं मी कधी केलं नसेल. टॅक्सीवाल्याने आरशात बघितलं, परत बघितलं, आणि पोट धरून हसला. आजोबा तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. प्रत्येक आवाजाला मान हलवत होते, ओळखलं, ओळखलं. मग मी कंडक्टर झाले आणि ओरडले, "आजोबा, आज किती?"

आजोबा गंभीर झाले. बोट वर केलं. टॅक्सीवाल्याकडे बघितलं, आत्याकडे, माझ्याकडे. माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं, गालावरून हात फिरवला. मग छातीवर बोट ठेवलं.

"चार," ते म्हणाले.

मी आत्याकडे बघितलं. ती जिंकली होती आणि तिचा चेहरा बघवत नव्हता. तिने वही उघडली, तारीख घातली, वेळ घातली, आणि चार लिहिलं. खाली शब्दासाठी ती नेहमी एक ओळ सोडते. ती सोडली. टेकडी येईपर्यंत पेन हातात धरून बसली.

महिना संपायला अजून नऊ दिवस आहेत. तिची नक्कल मी अजून एकदाही केलेली नाही.